गावात पर्यटक आणण्याआधी गावानं आपसात काय ठरवावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाव दक्षिण कोकणात, कुडाळपासून तासाभरावर. कार्तिकात ग्रामदेवतेची जत्रा आणि त्यात रात्रभर दशावतार, म्हणजे आपल्याकडचं पौराणिक लोकनाट्य. दहा-बारा जुनी चिरेबंदी घरं, त्यातली निम्मी बंद. करोनाच्या काळात मुंबईहून परतलेली आणि इथेच राहिलेली सात-आठ मुलं, त्यांना गावात सांस्कृतिक पर्यटन सुरू करायचं आहे. शहरातली एक कंपनी जाहिरात आणि बुकिंग बघायला तयार आहे, पण तिला दहा वर्षांचा करार हवा आणि दर शनिवारी पाहुण्यांसाठी तासाभराचा दशावतार हवा. बैठकीत जुनी माणसं गप्प बसली. सुरुवात कुठून करावी आणि कंपनीला हो म्हणावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी गेली चौदा वर्षं मालवण, कुडाळ, वेंगुर्ला या भागातल्या गावांबरोबर हेच काम करते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते जुन्या माणसांचं गप्प बसणं. आपल्याकडे गावकीच्या बैठकीत गप्प राहणं म्हणजे होकार नसतो. माणूस घरी जातो, चार दिवस विचार करतो, आणि त्याचं म्हणणं जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात बाहेर पडतं. तेव्हा पाहुणे उतरलेले असतात आणि पैसे घेऊन झालेले असतात. एका गावात मी हे अनुभवलं आहे. पालखी निघायच्या वेळी मानकऱ्यांनी पाहुण्यांना मागे व्हायला सांगितलं, मुलांनी वाद घातला, आणि पुढची दोन वर्षं त्या गावात पर्यटन हा शब्दही कुणी काढला नाही.

पाहुणे येतील की नाही ही तुमची अडचण नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, कोकण रेल्वे आली, तारकर्ली-मालवणला सुट्टीत पाय ठेवायला जागा नसते. त्यातली थोडी माणसं आतल्या गावांत वळवणं फार अवघड नाही. अवघड आहे ते हे ठरवणं, की काय दाखवायचं हे कोण ठरवणार, पैसा कुणाच्या हातात पडणार, आणि एखादी गोष्ट खटकली तर ती थांबवायचा अधिकार कुणाला. यांची उत्तरं आधी नसली की ती सगळ्यात घाईत असलेला माणूस देऊन टाकतो. आत्ता घाईत कंपनी आहे.

पुढचं सगळं तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. विहिरींना मे महिन्यात पाणी किती, वाड्या किती आणि त्यांच्यात बोलणं कितपत आहे, देवस्थानाचा कारभार कुणाकडे आहे, यावर बरंच बदलतं. माझ्या अनुभवातलं मी सांगते, तुम्ही गावाला लावून बघा.

पहिली बैठक मुलांनी बोलावू नये. बारा-पाच मानकऱ्यांनी, म्हणजे देवळात मान असलेल्या घरांतल्या जाणत्यांनी बोलवावी, देवळात, आणि विषय पर्यटन नसावा. विषय असा ठेवा, की आपल्या गावात काय काय आहे आणि त्यातलं परक्या माणसानं बघितलेलं आपल्याला चालेल काय. हा प्रश्न विचारला की गप्प बसलेली माणसं बोलायला लागतात, कारण त्यांना त्यांच्या हक्काचं काही विचारलेलं असतं. मी एका वहीत तीन रकाने करते. पहिल्यात जे कुणालाही मोकळेपणी दाखवता येतं ते: भातशेती, काजूच्या बागा, संध्याकाळचं भजन, खळ्यात बसून विणलेली माडाच्या पात्यांची झापं. दुसऱ्यात जिथे पाहुण्यानं यावं, पण गावाच्या रीतीनं वागावं: जत्रा, दशावतार, शिमग्याचं रोंबाट म्हणजे सोंगांची मिरवणूक, देवराई. तिसऱ्यात जे कुणालाच दाखवायचं नाही. तिसरा रकाना आधी भरा. तो भरला की मानकऱ्यांचा जीव खाली पडतो आणि मग पहिल्या दोन रकान्यांत ते स्वतःहून भर घालतात.

तिसऱ्यात काय येतं हे गावागावावर आहे. काही गावांत तरंगांचे, म्हणजे देवाच्या सजवलेल्या खांबांचे फोटो चालतात, काही ठिकाणी नाही. अवसर येतो, म्हणजे अंगात देव संचारतो, ती वेळ माझ्या माहितीतल्या बहुतेक गावांनी कॅमेऱ्यासाठी बंद ठेवली आहे. देवाला कौल लावणं, म्हणजे त्याला विचारून त्याची संमती घेणं, हा तर गावाचा आणि देवाचा आपसातला कारभार. आचरा, चिंदर, वायंगणी या मालवण तालुक्यातल्या गावांची गावपळण तुम्हाला माहीत असेलच. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्या करून राहतं. एका गटानं मला विचारलं होतं की रिकाम्या गावाचं ड्रोननं चित्रण करता येईल का. गाव रिकामं ठेवायचं म्हणून लोक घरदार सोडून रानात झोपतात आणि आपण वरून त्यात यंत्र सोडायचं, हे मला मुळीच पटलं नाही. मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, पण तेच लोक पुढच्या वर्षी भातलावणीला आले.

आता दशावताराबद्दल. इथे मी सविस्तर लिहिते, कारण तुमच्या कंपनीनं जे मागितलं आहे ते मी एकदा स्वतः करून बसले आहे. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका हॉटेलवर आलेल्या बसभर पाहुण्यांसाठी मी दशावताराचा पाऊण तासाचा खेळ ठरवला. संध्याकाळी पाच वाजता, हिरवळीवर, उजेडात. पूर्वरंग लांबतो म्हणून गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव सगळं काढून टाकायला लावलं आणि संकासुर तेवढा ठेवला, कारण तो हसवतो. आख्यानातलं एक युद्ध ठेवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मंडळातले एक वयस्कर कलाकार मात्र रंग पुसताना मला म्हणाले, "बाय, गणपती नाय, आरती नाय, मगे आमी ह्यां केलां तां काय?" मानधन त्यांनी घेतलं, पण परत कधी बोलावू नका म्हणाले.

त्यांचं म्हणणं कळायला मला वेळ लागला. दशावतारी मंडळी खेळाआधी वेशभूषेच्या पेटाऱ्यापुढे गणपतीची पूजा करतात. आड दशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, रंगमंचावर येणारा गणपती हा त्यांच्यासाठी नुसतं पात्र नसतो, लोक त्याला हात जोडतात. संहिता लिहिलेली नसते. कथा ठरलेली, संवाद त्या रात्री तिथे सुचतील तसे. पायपेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीनं समोरचा प्रेक्षक जागा आहे की पेंगतो आहे हे बघत कलाकार आख्यान लांबवतो नाहीतर आवरतो. ते पहाटेपर्यंत चालतं आणि दहीकाल्यानं संपतं. यातला पाऊण तास कापून घेतला की हातात वेशभूषा आणि आरडाओरड उरते. पाहुणाही फसतो, कारण त्याला वाटतं हाच दशावतार.

मग आम्ही उलटं केलं. खेळाला हात लावला नाही, पाहुण्याला तयार केलं. जत्रेच्या दिवशी दुपारी पाहुणा गावात येतो आणि जेवून झोपतो. रात्री मंडळाच्या परवानगीनं सहा-सात जणांना रंगपटात नेतो. कलाकार पेटाऱ्यावर बसून आपलं तोंड आपण रंगवत असतात, स्त्रीपात्र करणारा गडी साडी नेसत असतो. एक जण बोलतो, बाकीचे आपलं काम करतात. या अर्ध्या तासाचं वेगळं मानधन मंडळाला जातं, आधी ठरवून, हातात. मग पाहुणा गावकऱ्यांबरोबर चटईवर बसतो. त्याच्यासाठी पुढे खुर्च्या नाहीत. बरोबर गावातलं एक मूल बसतं, जे हळूच सांगतं की हा आला तो ब्रह्मदेव, आता संकासुर त्याचे वेद पळवणार. दोन वाजता कुणी पाहुणा उठून झोपायला गेला तर जाऊ द्यावं. पहाटेपर्यंत बसलेले असतात ते पुढच्या वर्षी आईवडिलांना घेऊन येतात. म्हणून शनिवारच्या तासाभराच्या दशावताराला माझं उत्तर नाही असंच आहे.

जी कला थोडक्यात दाखवली तरी तीच राहते तिची गोष्ट वेगळी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथे परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबानं आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. येणाऱ्याला पोथीतली चित्रं दाखवून कथा सांगितली जाते, बाहुल्यांचा खेळ होतो. तो खेळ दुपारी केला, लहान केला, तरी त्याचं काही बिघडत नाही, आणि किती लहान करायचा हे तेच ठरवतात. तुमच्या गावात असं काही असेल तर सुरुवात त्यानं करा आणि जत्रेला पहिलं वर्ष हातच लावू नका.

पिंगुळीवरून दुसरी गोष्ट निघते, ती बोलायला लोक कचरतात. गावाचं पर्यटन म्हणजे कुठल्या वाडीचं? पहिल्या यादीत नेहमी देवळाजवळची, मोठ्या खळ्याची, मानकऱ्यांची घरं येतात. बौद्धवाडीतलं घर, ठाकरवाडीतलं घर राहून जातं, आणि कारण सांगितलं जातं की तिथे सोय नाही. ज्यांची कला बघायला पाहुणा येतो त्यांच्या घरी तो जेवत नाही, असं मी पाहिलं आहे. म्हणून माझी एक अट असते. पहिल्या चार-पाच घरांत निदान दोन घरं अशा वाड्यांतली हवीत, आणि सोय नसेल तर सामाईक निधीतून पहिलं स्वच्छतागृह तिथे बांधायचं. बुकिंग करताना घर कुणाचं आहे, जात कुठली, असं विचारणाऱ्या पाहुण्याला आम्ही नम्रपणे जागा नाही म्हणून सांगतो. हा नियम लिहून ठेवा, नाहीतर फोनवर बसलेलं मूल गोंधळतं.

घरं वेगवेगळ्या वाड्यांतली आणि वेगवेगळ्या भावक्यांची असावीत याला एक व्यवहारी कारणही आहे, जे बाहेरच्या कुठल्याही सल्लागाराला सुचत नाही. सुतक. एका भावकीत कुणी गेलं की तिची सगळी घरं एकदम बंद. आमच्या पहिल्या गावात पाचही घरं एकाच आडनावाची होती. डिसेंबरच्या ऐन सुट्टीत एक आजोबा गेले आणि सोळा पाहुण्यांना आदल्या दिवशी फोन करून येऊ नका म्हणावं लागलं. पैसे परत केले, पण ज्यांनी रेल्वेची तिकिटं काढली होती त्यांचं काय? आता तीन भावक्यांच्या खाली मी काम सुरूच करत नाही.

घराबद्दल अजून एक. तुम्ही म्हणता त्या बंद घरांतली बहुतेक सामाईक असणार. उताऱ्यावर सहा-सात नावं, त्यातली चार मुंबईत, एखादं सुरतेला. एकानं उत्साहानं मागीलदारी संडास-बाथरूम बांधलं की दुसरा गणपतीत येऊन विचारतो, कुणाला विचारून बांधलंस. सगळ्यांची लेखी संमती आणि उत्पन्नातला वाटा आधी ठरवा, पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी कुणी करायची हेही त्याच कागदावर. ते जमत नसेल तर त्या घराला हात लावू नका. माणसं राहत असलेली साधी घरं घ्या. पाहुण्याला स्वच्छ अंथरूण, पाणी असलेला संडास आणि दाराला आतून कडी हवी असते. सारवलेली जमीन, लोट्यावरचा म्हणजे पडवीतला झोपाळा त्याला आवडतो, पण आधीच्या तीन गोष्टी नसतील तर झोपाळ्यानं काही होत नाही.

आणि घर म्हणजे घरातली बाई. पुरुष बैठकीत हो म्हणून येतात, पहाटे चारला चूल तिनं पेटवायची असते. म्हणून मी होकार स्वयंपाकघरात जाऊन घेते. एका घरात एका वेळी चारच पाहुणे, पाहुणे गेल्यावर दोन दिवस सुट्टी, भांड्यांना मदतनीस, आणि घराचे पैसे तिच्या खात्यावर. जेवण घरात होतं तेच: उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, बाजारात मिळाला तर बांगडा. पनीर आणायला कुणी कुडाळला पळू नये. एक काकी मला म्हणाल्या होत्या, "माका पाव्हण्यांवांगडा बोलाक येना नाय." तिसऱ्या पाहुण्यांच्या वेळी त्या चुलीपाशी बसून दोन तास तिरफळाबद्दल आणि आपल्या माहेराबद्दल बोलत होत्या. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनातून होडीची फेरी चालवतात, झाडं ओळखून दाखवतात. मच्छीमार घरांतल्या बायका आहेत. तुमच्या मुलांनी तिथे एक दिवस जाऊन यावं, बरोबर गावातल्या चार बायकांना न्यावं.

पैशाचं गणित उदाहरणादाखल सांगते, आकडे तुमचे तुम्ही बदला. माणशी एका रात्रीचे, दोन जेवणं आणि न्याहारी धरून, १८०० रुपये घेतले असं समजू. त्यातले १२०० घराला, २०० वाटाड्याला, २०० बुकिंग आणि हिशेब बघणाऱ्याला, आणि २०० गावाच्या निधीला. दर सगळ्या घरांना एकच, नाहीतर शेजारी शेजाऱ्याचे पाहुणे ओढतो. कुणाकडे कधी पाहुणे गेले याची पाळीची वही ठेवा आणि महिन्याचा हिशेब देवळाजवळच्या फळ्यावर लिहा. गावाच्या निधीचं पहिलं काम असं करा जे पाहुणे न ठेवणाऱ्यालाही उपयोगी पडेल. विहिरीचा गाळ काढा, पाणंद नीट करा. ज्याच्या दारावरून पाहुण्यांच्या गाड्या जातात आणि ज्याला त्यातलं काहीच मिळत नाही, त्याची नाराजी रास्त असते. कोकमाचं आगळ, मसाला, रिक्षा, मासळी, जे जे गावात मिळतं ते गावातूनच घ्या.

इथवरचं थोडक्यात: आधी मानकऱ्यांच्या बैठकीत तीन रकाने, मग वेगवेगळ्या वाड्यांतली आणि भावक्यांची चार-पाच घरं, बायकांचा होकार, आणि पैशाची वाटणी लिहून फळ्यावर.

दिवस कुठले निवडायचे? मे महिना आणि गणपती सोडून द्या. तेव्हा चाकरमानी येतात, घरं त्यांची आहेत आणि भरलेली असतात. मेमध्ये पाणीही कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले, आणि ज्यांना चिखलाची हौस आहे त्यांच्यासाठी जुलैतली लावणी. पहिल्या हंगामात ओळखीतले दहा-बारा जण बोलवा, पूर्ण पैसे घेऊन, आणि गेल्यावर घरातल्या माणसांना विचारा काय जड गेलं. दुसऱ्या वर्षी जत्रेला बाहेरचे वीसच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण तुमच्या मुलांना सांगा. तिथे कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. पिल्लं कधी निघतील हे कुणाच्या हातात नसतं, कधी काहीच दिसत नाही, आणि ते आधीच सांगितलेलं असतं. पाहुण्याला खरं सांगितलं तर तो समजून घेतो. जत्रेची तिथीही पाहुण्याच्या शनिवार-रविवारसाठी हलणार नाही, हे पहिल्याच फोनवर सांगा.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत घरांची नोंदणी करा, जेवण देताय म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी करा, पोलीस ठाण्यात पाहुण्यांच्या नोंदीची पद्धत विचारून घ्या आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. २०२३ मध्ये राज्याचं ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं, त्यात महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळायची सोय आहे. बचत गटातल्या कुणाला स्वच्छतागृहं बांधायची असतील तर अटी नीट वाचून घ्या. पण पहिलं वर्ष कर्ज न काढता होतं, माझ्या मते तसंच करावं.

राहिली कंपनी. तिला शत्रू समजू नका. शहरातल्या माणसापर्यंत पोचायचं काम तिला येतं, तुम्हाला अजून येत नाही. पण दहा वर्षांवर सही करू नका. एका हंगामाचा करार करा आणि त्यात चार गोष्टी घाला. गावाला स्वतःचे पाहुणे घ्यायची मोकळीक राहील. येणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर गावाच्या वहीत राहतील. पाहुण्यानं आयत्या वेळी बेत रद्द केला तर घराला अर्धे पैसे तरी मिळतील, कारण तोवर मासळी घेऊन झालेली असते. आणि तिसऱ्या रकान्यातलं काहीही जाहिरातीत येणार नाही, फोटोसुद्धा. या चारांतल्या कुठल्या अटीवर ते अडतात ते बघा, त्यावरून त्यांना काय हवं होतं ते कळेल. माझ्याकडे एका कंपनीनं फक्त फोन नंबरच्या अटीला नकार दिला होता. आम्ही त्यांना निरोप दिला आणि पहिल्या वर्षी आठ पाहुण्यांवर काम चालवलं. आठांपैकी तिघांनी पुढे आपली माणसं पाठवली.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी कळवा. गावच्या विहिरी एप्रिलअखेर कितपत भरलेल्या असतात? ती दहा-बारा घरं किती भावक्यांची आहेत? आणि जत्रेला येणारं दशावतारी मंडळ दरवर्षीचं ठरलेलं मानाचं आहे की बोलीनं आणता? मंडळ मानाचं असेल तर मानकऱ्यांच्या बैठकीआधी मंडळाच्या मालकांना जाऊन भेटा, एकदा खेळाच्या दिवशी आणि एकदा साध्या दिवशी.